रेन ट्री वठलं, आता त्या जागी नवं झाड कसं जगवायचं?

मुंबईच्या जुन्या गल्ल्यांमधली सावली म्हणजे रेन ट्री. चपलेला चिकटणाऱ्या शेंगा आणि दिवेलागणीला मिटणारी पानं बघत आम्ही लहानाचे मोठे झालो. 2010 नंतरच्या वर्षांत पिठ्या ढेकणाने, म्हणजे मिलीबगने, शहरातली कितीतरी रेन ट्री वाळवली. आमच्या गल्लीतली तीन गेली. त्यांच्या जागी पहिल्या खेपेला लावलेली तिन्ही रोपं मे महिन्यात जळाली. दुसऱ्या खेपेची तिन्ही उभी आहेत. या दोन खेपांमध्ये जे कळलं, ते इथे क्रमाने सांगते.

1. झाड खरंच गेलंय का, ते आधी बघा

उन्हाळ्याच्या तोंडाशी रेन ट्रीची पानं तशीही झडतात, म्हणून घाईने निकाल लावू नका. वेगवेगळ्या फांद्यांची साल नखाने खरवडा. आत हिरवं ओलसर दिसलं तर जीव आहे. पिठ्या ढेकूण असेल तर कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसतो, खाली उभ्या गाड्यांवर चिकट रस पडतो, पानांवर काळी बुरशी धरते आणि बुंध्यावर मुंग्यांची रांग लागते. त्या गोड रसासाठी मुंग्या या किडीची राखण करतात, तिला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. लागण थोडी असेल तर बुंध्याला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. थेट सालीवर लावू नका.

बुंध्याभोवतीचं सिमेंटही फोडून घ्या. गुदमरलेलं झाड किडीपुढे टिकत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं. तेवढी जागा आपल्याकडच्या झाडांनाही हवीच.

2. परवानगी आणि तोड

1975 च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वठलेलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तोडताना किडलेल्या फांद्या दुसऱ्या झाडांखाली टाकू देऊ नका. खुंट मुळासकट निघणार नसेल तर नवा खड्डा तीन-चार फूट बाजूला घ्या.

3. एकाच जातीची रांग लावू नका

आमची तिन्ही एकाच जातीची होती, म्हणून एकाच किडीने तिन्ही नेली. आता एक बकुळ, एक करंज आणि विजेच्या तारांखाली ताम्हण आहे. बकुळ सावकाश वाढतो, पण त्याची सावली दाट. कंपाउंडच्या भिंतीला लागून वड-पिंपळ नको. रोपवाटिकेतून सहा-सात फुटांचं, काठीशिवाय उभं राहणारं रोप निवडा. मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली असतील तर ते घेऊ नका.

4. खड्डा

आमची पहिली रोपं इथेच फसली होती. ज्यांना काम दिलं होतं त्यांनी फूटभर खणलं. मेलेलं रोप उपटलं तेव्हा खाली लाद्यांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे निघाले. मुळांना जायला वाटच नव्हती. म्हणून तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा उभं राहून खणून घ्या. डेब्रिज सगळं बाहेर काढा. पाणी भरून बघा. दुसऱ्या दिवशीही साचलेलं असेल तर आणखी खोल खणावं लागेल. मग चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घाला. मुळं जिथून फुटतात तो भाग जमिनीच्या पातळीलाच ठेवा, खोड मातीत पुरू नका.

5. पाणी

जूनमध्ये लावलेलं रोप सप्टेंबरपर्यंत पाऊसच सांभाळतो आणि आपण निर्धास्त होतो. खरी परीक्षा ऑक्टोबरच्या उकाड्यात सुरू होते. पहिल्या उन्हाळ्यात एक दिवसाआड दोन बादल्या, दुसऱ्यात आठवड्यातून दोनदा, तिसऱ्यात एकदा. पाणी एकदम ओतू नका, आळ्यात हळूहळू मुरू द्या. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी राहू द्या. आम्ही वॉचमनच्या केबिनमधल्या कॅलेंडरवर प्रत्येक घराचा वार लिहिला. सुट्टीत गावी जाणाऱ्याने आपला वार दुसऱ्याला देऊनच जायचं, एवढा एकच नियम.

आळ्यात चार बोटं जाड पालापाचोळा पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका.

6. आधार आणि पिंजरा

दोन बांबू रोवून काथ्याने सैल बांधा, तार वापरू नका. वर्षाभरात आधार काढा, म्हणजे खोड वाऱ्याशी झुंजून जाड होतं. पिंजऱ्याकडे दर पावसाळ्यानंतर लक्ष द्या. शेजारच्या रस्त्यावर लोखंडी कडं खोडात रुतून साल त्याच्यावर चढलेलं झाड मी पाहिलंय. कडं साल टेकायच्या आत कापून घ्या.

दर मार्चमध्ये कोवळे शेंडे हाताने उलटून बघा. पांढरा पुंजका दिसला तर तो शेंडा कापून पिशवीत बंद करा आणि उरलेल्या झाडावर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारा.