बेळगावात टेबलावरचा व्हॅक्यूम: पंप आणण्याआधीची तयारी

दुकानात जाण्याआधी दाब किती खाली न्यायचा ते वहीत लिहून ठेवा. रेझिनमधले बुडबुडे काढायचे असतील तर काही मिलिबार (हवेच्या दाबाचं माप; समुद्रसपाटीला हवा सुमारे 1013) पुरतात. एसीवाले वापरतात तो रोटरी पंप तिथे सहज चालतो. काचेवर अ‍ॅल्युमिनियमचा थर चढवायचा असेल तर 10⁻⁴ मिलिबारच्या खाली जावं लागतं. ते एकट्या रोटरीचं काम नव्हे, त्याच्या जोडीला डिफ्यूजन पंप (तापवलेल्या तेलाच्या वाफेने वायू रोटरीकडे ढकलणारा) हवाच.

जोडी मात्र हिशेबानेच जमवा. डिफ्यूजन पंप 10⁻³ मिलिबारला सेकंदाला 100 लिटर ओढत असेल, तर तेवढा वायू 0.1 मिलिबारला बाहेर टाकायला रोटरीला सेकंदाला 1 लिटर, म्हणजे तासाला 3.6 घनमीटर ओढता आलं पाहिजे. मी दुप्पट क्षमतेचा घ्या म्हणेन, कारण होज, म्हणजे जोडणारी नळी, ओढण्याची बरीच ताकद खातो. तो आखूड आणि जाड ठेवा.

बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे साध्या डायल गेजचा काटा 700 मिलिमीटरच्या आसपासच थांबतो. समुद्रसपाटीचे 760 दिसत नाहीत म्हणून पंप परत करू नका. शेवटचे मिलिबार त्यावर कळतही नाहीत. त्यासाठी पिरानी गेज (तापलेली तार किती थंड होते त्यावरून कमी दाब मोजणारं) घ्या, डिफ्यूजन असेल तर त्याहून खालच्या दाबासाठी पेनिंग गेजही.

पावसाळ्यात, त्यातून खानापूरकडे, हवेतली वाफ पंपात दाबली जाऊन तेलात पाणी होऊन बसते. पंपाच्या काचेत रोज डोकवा. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून वाफ बाहेर घालवणारी झडप) उघडून अर्धा तास पंप चालवा. तरी निवळलं नाही तर बदला. गाडीचं इंजिन ऑइल घालू नका.

उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये फ्लँज (जोडाची चपटी कडी) करून घ्याल तेव्हा ओ-रिंगच्या, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कडीच्या, खाचेवरून नख फिरवा. लेथच्या गोल रेषा चालतात, खाच ओलांडणारा ओरखडा गळतोच. 20 सेंटीमीटरच्या झाकणावर सुमारे 300 किलोचा भार येतो. काचेची बेलजार (घंटेच्या आकाराचं भांडं) असेल तर भोवती जाळी आणि डोळ्यांना गॉगल हवाच.

वीज जाणार हे धरूनच चला. रोटरी थांबला की त्याचं तेल चेंबरकडे, म्हणजे हवा काढलेल्या भांड्याकडे, चढतं, आणि तापलेल्या डिफ्यूजन पंपात हवा शिरली तर हायड्रोकार्बन तेल करपतं. म्हणून दोन्ही पंपांच्या मध्ये वीज जाताच आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह बसवा. पहिल्या दिवशी डिफ्यूजनचा हीटर न लावता, पिरानी तेवढी चालू ठेवून, रोटरी आणि व्हॉल्व्हची वीज मुद्दाम बंद करून पाहा. पिरानीवरचा दाब झपाट्याने चढला, तर तो व्हॉल्व्ह खोलून सीट (झडप टेकते ती जागा) साफ केल्याशिवाय हीटरला हात लावू नका.