इम्पॅक्ट ड्रायव्हर: पडद्याच्या रॉडपासून पावसाळी शेडपर्यंत, या चुका टाळा

मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या कुठल्याही टूल्सच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा, हा प्रश्न हमखास ऐकू येतो: "इम्पॅक्ट आहे ना, मग भिंतीत भोक पडेल ना?"

नाही पडणार. सगळा घोळ नावाचा आहे. आपल्याकडे १३ मिलिमीटर चकच्या (बिट पकडणाऱ्या जबड्याच्या) वायरवाल्या हॅमर ड्रिललाही 'इम्पॅक्ट ड्रिल' म्हणतात. ते ड्रिल बिटाला मागून ठोके देतं, म्हणून भिंत फुटते. इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणजे स्क्रू बसवायचं बॅटरीवरचं यंत्र; त्याचा ठोका फिरण्याच्या दिशेने बसतो. आत हातोडी आणि ऐरण असते. स्क्रू अडला की हातोडी स्प्रिंग दाबून मागे सरकते, सुटते आणि ऐरणीला आडवा तडाखा देते. मिनिटाला तीन-साडेतीन हजार वेळा. लांब स्क्रू लाकडात बसवायला, गंजलेला नट सोडवायला हे यंत्र फार उत्तम. काँक्रीटला मात्र त्या तडाख्याने काही होत नाही.

ही चूक बहुतेक वेळा पडद्याच्या रॉडपाशी उघडी पडते, कारण आपल्या इमारतींत खिडकीच्या वर आरसीसीचं लिंटल (सळईवाल्या काँक्रीटची आडवी पट्टी) किंवा बीम असतो. ड्रायव्हरला षटकोनी दांड्याचा ६ मिलिमीटरचा मेसनरी (भिंतीत भोक पाडायचा) बिट लावला जातो. पहिलं १२-१५ मिलिमीटर प्लास्टर भराभर जातं, आणि मग बिट जागच्या जागी फिरू लागतो. मग लोक अंगाचा भार टाकतात, ट्रिगर पूर्ण दाबतात. बिटाचं टोक निळं पडतं, कार्बाइडचा कपचा उडतो. तरी थांबत नाहीत. उथळ भोकात गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) ठोकतात, बाहेर राहिलेली कापून टाकतात, वर स्क्रू. सगळा भार प्लास्टरवर. जड पडदा चार-सहा वेळा ओढला की ब्रॅकेट प्लास्टरच्या खपल्यांसकट हातात येतो. या कामाला एसडीएस-प्लस (खाचांच्या) दांड्याचा बिट घेणारं रोटरी हॅमर भाड्याने आणा. ६ मिलिमीटरचा बिट, त्यावर ४० मिलिमीटरवर टेपची खूण, भोकातली धूळ फुंकून काढायची, ३० मिलिमीटरची गिट्टी भिंतीच्या पातळीत बसवायची. सळई लागली तर जागा बदला, सळईशी झुंजू नका. त्यानंतर स्क्रू बसवायला ड्रायव्हर घ्या, आणि तोही अर्ध्या ट्रिगरवर.

खरेदी करताना खोक्यावरच्या ४८ किंवा ८८ व्होल्टला भुलू नका. बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापाठोपाठ जोडले की १८ होतात. तेच पूर्ण चार्ज झाल्यावर २०-२१ दाखवतात, म्हणून '१८' आणि '२० मॅक्स' ही एकच जात. घरकामाला १२ व्होल्टचं हलकं यंत्र पुरतं. रोजच्या कामाला १८ घ्या, आणि एका ४ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) बॅटरीऐवजी २ एएचच्या दोन घ्या: एक यंत्रात, एक चार्जरवर. छताकडे हात करून काम करताना कमी वजनाची किंमत कळते. घरात आधी ज्या कंपनीची बॅटरी आहे, तिचंच नुसतं यंत्र मिळत असेल तर तेच घ्यावं.

आता दुसरी चूक, जिचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मे संपत आला की गच्च्यांवर आणि खिडक्यांवर पावसाळी शेडची घाई सुरू होते. पत्र्याला सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडणारा) स्क्रू, खाली रबर लावलेला वॉशर, हातात इम्पॅक्ट ड्रायव्हर, बोट ट्रिगरवर तळापर्यंत. यात दोन गोष्टी बिघडतात. पूर्ण वेगात स्क्रूचं टोक लोखंडी पाइपवर नुसतं घासून जळतं, आणि 'माल खराब आहे' म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. टोक आत गेलंच तर या यंत्राला क्लच (ठरलेल्या जोराला आवळणं थांबवणारी सोय) नसल्यामुळे ते थांबत नाही. रबर चिरडून वॉशरच्या बाहेर येतं, पत्र्याला खळगा पडतो. त्या खळग्यात पाणी साचतं आणि जूनमध्ये नेमकं तिथूनच गळतं. मग वर सिलिकॉनचे थर. सिलिकॉन हा उपाय नाही. तो स्क्रू काढून एक माप जाड स्क्रू नव्या वॉशरसह लावा. बसवताना आधी मध्यम वेग आणि सरळ रेषेत दाब ठेवा. वॉशर पत्र्याला टेकला की ट्रिगर सोडा आणि छोट्या टिचक्यांनी आवळा. रबर वॉशरच्या कडेपर्यंत सगळीकडून सारखं फुगलं की थांबायचं. क्लचवालं ड्रिल-ड्रायव्हर असेल तर शेवटचं आवळणं त्यानेच करावं.

क्लच नसल्याचा फटका कपाटांनाही बसतो. पार्टिकल बोर्डात बिजागरीचे १६ मिलिमीटरचे स्क्रू या यंत्राने आवळले की भोकातले आटे पिठासारखे होतात. तिथे हाताचा स्क्रू ड्रायव्हरच घ्या. एमसीबीच्या (विजेच्या बोर्डातल्या सुरक्षा स्विचच्या) टर्मिनललाही तोच. एसीच्या ब्रॅकेटच्या एम-८ (८ मिलिमीटर जाडीच्या) अँकर बोल्टला साधारण १५-२० न्यूटन-मीटरचा पीळ पुरतो आणि १८ व्होल्टचं यंत्र दीडशेच्या वर देतं, म्हणून तिथे पाना वापरा.

स्क्रूचं फूल (डोक्यातली खाच) घासलं जात असेल तर आधी बिट बघा. आपण ज्याला 'स्टार' म्हणतो तो बहुतेक वेळा पीएच-२ (फिलिप्सचं २ नंबरचं माप) लागतो. पीएच-१ चालवून नेऊ नका. इम्पॅक्टसाठी बनवलेलाच बिट घ्या, टोक गोल झालं की फेका.

जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू सागवानात चालवू नका. ते कडक असतात, आडव्या तडाख्याने मान तुटते, आणि इथल्या खाऱ्या हवेत गंजतातही लवकर. स्टेनलेसचे ३०४ ग्रेडचे घ्या, पण ते मऊ असतात: ८ नंबरच्या स्क्रूला आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडाच.

गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, अर्धा तास सावलीत ठेवा. आणि बंद खोलीत काम करताना कानात प्लग घाला.