आधी सोळा, सतरा, अठरा

रग्बीच्या संघाचा कागद, म्हणजे नावांची यादी, हातात घेतला की पेन एक नंबरवर टेकवू नका. थेट खाली या आणि सोळा, सतरा, अठरा हे तीन नंबर आधी भरा. सोळा म्हणजे राखीव हूकर, सतरा राखीव लूजहेड प्रॉप, अठरा राखीव टाइटहेड प्रॉप. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे फॉरवर्ड डोकी खाली घालून एकमेकांना भिडतात; त्यांच्या पहिल्या रांगेत मधे हूकर, त्याच्या डावीकडे लूजहेड आणि उजवीकडे टाइटहेड. ही तीन नावं पक्की होईपर्यंत विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेनं, कोण पळणार, किक कोण मारणार, हा विषयच काढायचा नाही. पुढच्या महिन्यात नांदेडच्या पोरांशी पुन्हा सामना आहे, आणि मागच्या वेळचा कागद मी लिहिला होता म्हणून एवढं बजावून सांगतोय.

मागच्या वेळी आम्ही लातूरहून बावीस जण नेले. पंधरा अगदी मनासारखे निवडले होते आणि राखीव सातही मनासारखेच, म्हणजे सगळे पळणारे. नियम असा आहे की बावीस जण नेले तर पहिल्या रांगेत खेळायला तयार असलेले किमान पाच हवेत, तेवीस नेले तर सहा. माझ्याकडे तीन होते. मैत्रीचा सामना, त्यामुळे आधी कोणी मोजलं नाही. पंचवीस मिनिटं झाली तेव्हा आम्ही १२-० ने पुढे होतो. तेवढ्यात औशाचा आमचा टाइटहेड स्क्रममधून उठला तो मान धरूनच. पंच माझ्याजवळ आले, माझा कागद घेतला आणि विचारलं, "यातला प्रॉप कोणता?" त्यांचं बोट सोळापासून एकेक नाव करत बावीसपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. उदगीरचा कबड्डीवाला पुढं झाला, "दादा, मी जातो की." पंचांनी त्याला एवढंच विचारलं, पहिल्या रांगेत सराव केलाय का कधी? पोरगं गप्प झालं.

मग पंचांनी पुढचे सगळे स्क्रम बिनरेट्याचे केले, आणि ते बरोबरच केलं. बिनरेट्याच्या स्क्रममध्ये आठ-आठ जण भिडतात, पण ढकलायचं नाही. चेंडू ज्याचा आत टाकायचा, त्यालाच तो मिळतो. आमची सगळी ताकद ढकलण्यात होती. त्यांची पोरं हलकी आणि चपळ, त्यांना दुसरं काय पाहिजे? १२-२७ ने हरलो. आमच्या पोरांच्या अंगात जोर शिल्लक होता आणि तो लावायला जागाच राहिली नव्हती, हे अजून डोळ्यासमोरून जात नाही.

"कुणीतरी पैलवान उभा करू" हे उत्तर मला देऊ नका. लातूर जिल्हा रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांचा, इथं जत्रेच्या फडात मानेनं आणि खांद्यानं तयार झालेली पोरं मिळतात, हे खरंच. माझे पहिले तिघेही तालमीतलेच आहेत. पण पैलवानाला समोरच्याला खाली ओढायची सवय असते. स्क्रममध्ये ओढून खाली पाडलं की पेनल्टी, आणि वर सोळा माणसांच्या रेट्याखाली कुणाची तरी मान. हात कुठं धरायचा हे त्याला नव्यानं शिकवावं लागतं: लूजहेडचा डावा हात समोरच्याच्या उजव्या हाताच्या आतून जाऊन त्याच्या पाठीवर किंवा कुशीवर जर्सी पकडतो. पंच 'क्राउच', 'बाइंड', 'सेट' म्हणतात तेव्हा प्रत्येक शब्दाला थांबायचं असतं. हे सहा आठवडे रोज केलं तर जमतं, सामन्याच्या दिवशी नाही. आणि लूजहेड येतो म्हणून तो टाइटहेडला चालेल असंही नाही. लूजहेडच्या डोक्याची एक बाजू मोकळी असते. टाइटहेडचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये जातं, दोन्ही खांद्यांवर भार येतो. म्हणून सतरा वेगळा, अठरा वेगळा. एकाच माणसाचं नाव दोनदा लिहून मोकळं व्हायचं नाही.

राखीव हूकर तर सगळ्यात आधी शोधा. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की लाइनआउट होतो, म्हणजे दोन संघांच्या रांगांमध्ये चेंडू आत फेकतात, आणि तो बहुतेक हूकरच फेकतो. २०२३ च्या रग्बी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेचा हूकर माल्कम मार्क्स जखमी झाला आणि त्याच्या जागी त्यांनी बोलावला हँड्रे पोलार्ड, म्हणजे फ्लाय हाफ, किक मारणारा दहा नंबर! अंतिम सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच बोंगी म्बोनाम्बी बाहेर गेला. उरलेला जवळजवळ सगळा सामना डिऑन फोरी हा मागच्या रांगेतला फ्लँकर हूकर म्हणून खेळला, लाइनआउटला चेंडू हातचे गेले, आणि न्यूझीलंडला त्यांनी १२-११ असं एका गुणानं हरवलं. ते बारा गुण पोलार्डच्याच चार पेनल्टींचे, त्यामुळे आमची पोरं हा सामना दाखवून म्हणतात, बघा, चाललं ना. अहो, फोरीनं आधी कित्येक वर्षं हूकर म्हणून काढली होती. आपल्याकडं असा फोरी आहे का? नाही. तर मग आपला सोळा नंबर आजपासून भिंतीवर खूण करून चेंडू फेकायला लागला पाहिजे.

त्या सामन्यात त्यांच्या आठ राखिवांपैकी सात जण फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये भिडणारे, होते. ती नक्कल आपण करायची नाही, पाच फॉरवर्ड आणि तीन पळणारे ठेवायचे. पाचातले पहिले तीन कोण, हे आता पुन्हा सांगत नाही.

आता पंधरा. पहिली रांग निलंगा, रेणापूर, औसा. औशाचा बरा झालाय, पण डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाव लिहायचं नाही. लॉकला, म्हणजे स्क्रमच्या दुसऱ्या रांगेत, अहमदपूरचे दोघे व्हॉलीबॉलवाले, कारण लाइनआउटला हवेत चेंडू धरायचा तर उडी आणि पंजा हवा. मागच्या रांगेत सात नंबरला उदगीरचा तोच कबड्डीवाला. डावा कोपरा खेळतो, चढाईला आलेल्याचा घोटा धरावा तसा खाली वाकून टॅकल करतो. फक्त त्याला रोज सांगा की हात समोरच्याच्या खांद्याच्या वर गेला की पेनल्टी, आणि कार्डही मिळू शकतं. सहा आणि आठ नंबरचं ठरलेलंच आहे.

नऊ नंबरला माझी निवड धाराशिवचा खो-खोवाला, यावर वाद घालायला मी तयार आहे. धाराशिवचा खो-खो साधा नाही, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळालेली सारिका काळे तिथलीच. स्क्रम हाफला, म्हणजे या नऊ नंबरला, वाकूनच चेंडू उचलायचा आणि वाकूनच वळून द्यायचा असतो, आणि हे पोरगं गुडघ्यात वाकलेलंच पळतं. डाव्या हाताचा पास कच्चा आहे, तेवढा करून घ्या. दहा नंबर फुटबॉलवाला, कारण किक. सेंटर मागच्या वेळचेच. विंगवर चाकूर आणि देवणीचे दोघे, पोलीस भरतीची तयारी करणारे, शंभर मीटरला त्यांना कोणी धरत नाही. पण त्यांच्या मैदानी चाचणीची तारीख आधी विचारून घ्या. वर्षभर घाम गाळलेल्या पोराचा पाय आपल्या मैत्रीच्या सामन्यात मुरगळला तर त्याच्या घरी तोंड दाखवता येणार नाही. तारीख जवळ असेल तर त्याला बसवा, मी काही म्हणणार नाही. पंधरा नंबर क्रिकेटवाला, उंच उडालेल्या चेंडूखाली न डगमगता उभा राहणारा.

२०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हापासून नवीन पोरं पळायच्याच ओढीनं येतात. येऊ द्या. पण ते सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांचं, तिथं स्क्रम तिघा-तिघांचा. पंधरा जणांच्या खेळात आठ-आठ जण भिडतात, हे पहिल्या दिवशीच सांगायचं. आणि येणाऱ्यांतला जो जाड मानेचा, बुटका, शांत असेल त्याला पळायला पाठवू नका, बाजूला घ्या. सतरा किंवा अठरा त्यातूनच निघेल.

मैदान आदल्या दिवशी बघून या. आपली काळी माती पाऊस झाला की बुटाला गोळ्यानं चिकटते आणि स्क्रममध्ये पाय सरकतो. वाळली की भेगा, त्यात घोटा जातो. दाताचं गार्ड प्रत्येकाचं स्वतःचं. पाणी, बर्फ, टेप, जर्सी. जवळचा दवाखाना कुठं आणि गाडी कोणाची, हे विचारून ठेवा. जेवणाचं तुम्ही बघा.

कागदाच्या दोन प्रती करा, एक पंचांना सामन्याआधी द्या आणि पहिल्या रांगेतल्या सहाही नावांखाली रेघ ओढून द्या. निघताना जीपमध्ये सगळे बसले की सोळा, सतरा, अठरा मोठ्यानं वाचा, तिघांनी हात वर केले पाहिजेत. एक जरी हात कमी दिसला तर जीप लातुरातच थांबवा आणि मला फोन करा.