‘कसा होता पिक्चर?’ या प्रश्नाला कामाचं उत्तर

शुक्रवारी सिनेमा लागतो, शनिवारी रात्री आपण बघून येतो आणि रविवारी सकाळी पोह्यांच्या गाडीवर कोणीतरी विचारतं, "काय, कसा होता पिक्चर?" उत्तर बहुतेक दोन शब्दांत संपतं. "मस्त होता." "टाइमपास." "डोक्यावरून गेला." विचारणाऱ्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. त्याला तिकीट काढायचं की नाही हे ठरवायचं असतं. चौघांचं तिकीट, पार्किंग, मध्यंतरातलं खाणं आणि सुट्टीचे तीन-साडेतीन तास एवढं त्याच्या निर्णयावर अवलंबून असतं.

म्हणून गप्पांमधल्या मतालाही एक कसोटी लावावी: ते ऐकून समोरच्याला स्वतःचा निर्णय घेता आला पाहिजे, आणि तो आपल्या मताच्या उलट असला तरी चाललं पाहिजे. समजा, एक सिनेमा आहे. दोन भाऊ, सदाशिव पेठेतला वाडा, दारात आलेला बिल्डर. "रटाळ आहे" म्हटलं तर ऐकणारा गप्प बसतो. "मला रटाळ वाटला, कारण निम्मा वेळ दोघं भाऊ माजघरात बसून वाटणीवर बोलतात" असं म्हटलं, तर त्याच कारणासाठी एखादा तिकीट काढेल. मत तेच, पण दुसऱ्या वाक्यात कारण आहे आणि ते पडद्यावरून उचललेलं आहे.

बाहेर पडल्यावर पहिली वीस मिनिटं

मत बिघडतं ते इथे. पार्किंगच्या रांगेत सोबतचा माणूस आधी बोलतो आणि आपण नकळत त्याच्या बाजूला किंवा विरुद्ध बाजूला जाऊन बसतो. फोन उघडला तर दहा जणांची मतं आधीच येऊन पडलेली असतात. त्यामुळे गाडी काढण्याआधी किंवा घरी पोचल्यावर, दुसऱ्या कोणाचंही काही वाचण्याआधी, फोनच्या नोंदवहीत चार गोष्टी लिहून टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

पहिली, डोळ्यांसमोर अजून उभा असलेला एक प्रसंग. दुसरी, आपण घड्याळ किंवा फोन कधी पाहिला, मध्यंतराआधी की नंतर, आणि तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं. तिसरी, न कळलेली एखादी गोष्ट. चौथी, सिनेमा कसा पाहिला: कुठे, कितव्या रांगेत, मूळ भाषेत की डब केलेला, सुरुवात चुकली का.

चौथी नोंद लोक हमखास गाळतात आणि निम्मे वाद तिच्यामुळेच होतात. पुढून दुसऱ्या रांगेत मान वर करून पाहिलेली मारामारी गोंधळाचीच वाटणार. डब केलेल्या सिनेमात नटाचा चेहरा त्याचा असतो आणि आवाज दुसऱ्याचा, त्यामुळे "संवादफेक सपाट आहे" हा दोष त्या नटाचा असेलच असं नाही. पहिली दहा मिनिटं हुकली असतील तर ते आधी सांगावं. पात्रांची नाती आणि गावाचं नाव बहुतेक तिथेच येऊन जातं, आणि मग "काही कळतच नाही" ही तक्रार सिनेमावर टाकता येत नाही.

संवाद ऐकू आले नाहीत तर दोष कोणाचा हे बऱ्याच अंशी ताडता येतं. जाहिराती आणि ट्रेलरमधलं बोलणंही दबलेलं होतं का, हे आठवा. असेल, तर थिएटरचा आवाज खराब होता. ते स्वच्छ होतं आणि सिनेमात फक्त गाणी व पार्श्वसंगीत चढल्यावर बोलणं बुडत होतं, तर ध्वनिमिश्रणाची शंका घ्यायला जागा आहे. खात्री करायची तर दुसऱ्या थिएटरात पाहिलेल्या कोणाला तरी विचारा.

दोष नेमका कुठे आहे

"स्लो आहे" ही आपली सगळ्यात आवडती तक्रार, आणि सगळ्यात कमी सांगणारी. संथ वाटण्याची किमान तीन वेगळी कारणं असतात. आपल्याला कळलेली गोष्ट पात्रं पुन्हा एकमेकांना सांगत बसली, तर तो पटकथेचा दोष. प्रसंगातलं काम संपलं तरी प्रसंग संपत नाही, माणूस दार उघडतो, जिना उतरतो, स्कूटर काढतो, चौकात वळतो आणि हे सगळं आपण बघत राहतो. तिथे संकलनाची कात्री चालायला हवी होती. तिसरं कारण सहज निसटतं: नायकाला नेमकं काय हवं आहे तेच ठरत नाही. मग मारामाऱ्या आणि पाठलाग असूनही कंटाळा येतो. उलट दोघं भाऊ नुसते बसलेले आहेत, पण थोरला सही करणार की नाही हे आपल्याला कळून घ्यायचं आहे, तर पाच मिनिटांचा एकच शॉटही जड जात नाही. तेव्हा "स्लो" म्हणण्याआधी स्वतःला विचारावं: मी कशाची वाट बघत होतो? उत्तर असेल तर संथपणा चालून गेला. उत्तरच नसेल तर पटकथेकडे बोट दाखवा.

"अभिनय छान" हेही असंच पोकळ. नटाने काय केलं ते सांगा. थोरला भाऊ रागावला की आवाज चढवतो, की कपातला चहा बशीत ओतताना थांबतो? अशी एक कृती सांगितली की विशेषण लागतच नाही. "फोटोग्राफी सुंदर" म्हणताना एवढं तपासा की सुंदर होतं ते कोकण की ते टिपणं. ठिकाण साधं असूनही चौकट लक्षात राहिली असेल, तर श्रेय छायाचित्रणाचं.

पार्श्वसंगीताबद्दल बोलायला आपण फारसे धजत नाही, पण एक सोपी तपासणी आहे. रडवणारा प्रसंग मनात संगीताशिवाय चालवून बघा. व्हायोलिनं काढल्यावर काही उरत नसेल, तर आपल्याला संगीताने रडवलं. आवाजाकडे लक्ष देण्याची सवय लावायची तर पुण्यातच तयार झालेला ‘कुंकू’ जरूर बघावा. १९३७ साली प्रभात फिल्म कंपनीने काढलेल्या या चित्रपटात दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, यांनी पार्श्वसंगीत वापरलं नाही. घड्याळासारख्या घरातल्या आवाजांवर काम भागवलं. प्रभात १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली, आणि लॉ कॉलेज रस्त्यावरच्या तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनी तरी हा सिनेमा कान उघडे ठेवून बघितला पाहिजे.

किती बोलायचं, कसं लिहायचं

गाडीवर किंवा कट्ट्यावर चाळीस सेकंद पुरतात. त्यापुढे समोरचा विचारेल तेवढंच. ग्रुपवर लिहायचं तर पन्नास ते ऐंशी शब्द. त्याहून लांब मजकूर लोक नंतर वाचू म्हणून सोडतात आणि वाचत नाहीत. क्रम असा ठेवावा: कुठे पाहिला, विषय एका वाक्यात, काय भावलं त्याचा एक प्रसंग, कुठे खटकलं, कोणाला घेऊन जाता येईल. आपल्या वाड्याच्या सिनेमाचं लिहून दाखवायचं तर:

"काल कोथरूडला रात्रीच्या शोला पाहिला. दोन भाऊ, पेठेतला वाडा आणि बिल्डरची ऑफर. पहिला तास फार आवडला. थोरल्याचं काम करणारा नट कमी बोलतो, पण बशीत चहा ओततानाही त्याचा राग कळतो. मध्यंतरानंतर कोर्टाचा भाग ताणलाय, तिथे दोनदा घड्याळ पाहिलं. गाणी दोन, मारामारी नाही. आईबाबांना घेऊन जाता येईल. घरी पाहिला तरी चालेल, पण पावसाचे आवाज थिएटरातच ऐकण्यासारखे."

यात तारे नाहीत, पाचपैकी साडेतीनही नाही. एकाचे साडेतीन म्हणजे "नक्की जा" आणि दुसऱ्याचे साडेतीन म्हणजे "ठीकठाक", त्यामुळे आकड्याने गोंधळच वाढतो. त्याऐवजी तीनपैकी एक सांगावं: थिएटरात जा, घरी बघा, सोडून द्या. थिएटरात जा म्हणताना कारणही द्या. मोठे भूभाग, गर्दीचे प्रसंग, अंधारातलं चित्रण आणि बारकाईने केलेलं ध्वनीचं काम घरच्या टीव्हीवर निम्मं वाया जातं. खोलीत बसून बोलणाऱ्या माणसांच्या सिनेमाचं तेवढं नुकसान होत नाही.

शेवट न फोडता

ट्रेलरमध्ये दिसतं ते आणि पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत घडतं ते, एवढंच मोकळेपणाने सांगावं. मध्यंतरानंतर कथा कुठे वळते ते विचारल्याशिवाय नको; कुठला भाग ताणलाय एवढं सांगायला हरकत नाही. "शेवटी जबरदस्त धक्का आहे, पण सांगत नाही" हे वाक्य निरुपद्रवी वाटतं आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. ऐकणारा पहिल्या मिनिटापासून धक्का शोधत बसतो आणि अर्ध्यात त्याला तो सापडतो. "धाकट्याचं काम करणाऱ्याला छोटीच भूमिका आहे" यातूनही धाकट्याचं पुढे काय होतं ते फुटतं. शेवटाबद्दल बोलल्याशिवाय राहवतच नसेल, तर ग्रुपवर आधी "कोणाचा बघायचा राहिलाय का?" असं विचारा आणि ज्यांचा झालाय त्यांच्याशी वेगळं बोला. टेलिग्रामवर मजकूर झाकून पाठवण्याची सोय आहे; बोट लावल्यावरच तो दिसतो.

विचारणारा कोण आहे

लहान मुलांचे आईवडील विचारत असतील तर आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र सांगा. २०२४ च्या नियमांपासून यूए गटाचे तीन भाग झाले आहेत: ७+, १३+ आणि १६+. हे आकडे पालकांच्या मार्गदर्शनासाठी असतात. ए प्रमाणपत्र असेल तर मात्र अठराच्या आतल्यांना प्रवेशच नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. "रक्त फारसं नाही, पण एक मूल हरवतं आणि तो भाग बराच वेळ चालतो" हे प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं आणि आईला नेमकं तेच हवं असतं.

आजी-आजोबांना किंवा शेजारच्या काकांना कथा नंतर सांगितली तरी चालते. आधी लांबी, आवाजाचा दणका आणि सबटायटल्स वाचावी लागतात का, ते सांगा. लांबी सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या प्रमाणपत्रावर असते. जाहिराती आणि मध्यंतर धरून त्यात अर्धा तास मिळवा, म्हणजे परतीची पीएमपी बस गाठता येईल का याचा त्यांना हिशोब करता येतो.

आणि पुण्यात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. इथे दहा जणांच्या घोळक्यात एकाचा भाचा त्या सिनेमात सहायक असतो, नाहीतर कोणी त्यातल्या नटाबरोबर पुरुषोत्तमला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत, काम केलेलं असतं. म्हणून मत दाबू नये, पण ते कामाबद्दल असावं. "दुसऱ्या भागात त्याची भाषा शहरी होते" असं त्याच्या मावशीसमोरही म्हणता येतं. कोणाच्या रंगावर, वजनावर किंवा वयावर शेरा मारायला कुठेच जागा नाही.

मराठी सिनेमा असेल तर

इथे वेळ फार महत्त्वाची. मराठी सिनेमाला पहिल्याच आठवड्यात शो कमी आणि वेळा अडनिड्या मिळतात, आणि गर्दी दिसली नाही तर पुढच्या शुक्रवारी तेही जातात. तेव्हा आवडला असेल तर रविवार रात्रीपर्यंत सांगा. पुढच्या शनिवारी केलेलं कौतुक खरं असलं तरी ऐकणाऱ्याला जवळपास शो सापडत नाही. सांगताना "आपला मराठी आहे, म्हणून बघा" एवढंच म्हणू नका. त्यातून सिनेमात सांगण्यासारखं दुसरं काही नाही असा अर्थ निघतो. बशीतल्या चहाचा प्रसंग सांगा, लोक जातील.

महोत्सवात

पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे आपला पिफ, २००२ पासून भरतो. तिथे दिवसाला चार-चार सिनेमे बघणारे खूप, आणि संध्याकाळी त्यांच्या डोक्यात इराणी आई आणि पोलिश पोस्टमन एकाच घरात राहायला लागतात. पुढच्या रांगेत उभं राहिल्यावर आधीच्या सिनेमाच्या दोन ओळी लिहिल्याशिवाय आत जाऊ नका. तो दिवसातला कितवा होता तेही लिहा; चौथ्या सिनेमात आलेली डुलकी दिग्दर्शकाच्या खात्यावर टाकणं अन्याय आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुना सिनेमा पाहिला तर प्रिंटवरचे ओरखडे आणि उडालेली चित्रं मतातून वेगळी काढा.

मत जुळलं नाही तर

"तुला कळलाच नाही" म्हटलं की गप्पा संपतात आणि भांडण सुरू होतं. "सिनेमा तुझ्या हातून कुठे सुटला?" असं विचारा. बहुतेक वेळा दोघांचं एकाच प्रसंगावर अडलेलं असतं आणि त्या प्रसंगाबद्दल नीट बोलता येतं. ज्याने हौसेने तिकीट काढून नेलं त्याला बाहेर पडतापडता दोष मोजून दाखवू नयेत. "वाड्याचा भाग मला आवडला, कोर्टाचं उद्या बोलू" एवढं म्हणावं आणि उद्या खरंच बोलावं.

दुसऱ्यांदा पाहिल्यावर मत बदललं, तर जुना मेसेज पुसू नका. त्यालाच उत्तर म्हणून खाली लिहा: "परत पाहिला. कोर्टाचा भाग या वेळी जड गेला नाही, कारण धाकट्याच्या हातातली किल्ली आधी नजरेतून निसटली होती." ज्यांनी तुमचं पहिलं वाचून बेत रद्द केला होता, त्यांच्यापर्यंत हेही पोचतं.