बाहेरची कामं बाकी असताना घर विकायचं तर

घर विकायला काढलं की पहिला सल्ला हमखास मिळतो: बाहेरून एक हात रंग मारून घ्या, गेटला ऑइलपेंट लावा. हा सल्ला ऐकू नका. कोल्हापुरात घर बघायला येणारा माणूस ओळखीचा गवंडी किंवा इंजिनिअर बरोबर घेऊन येतो, आणि तो सगळ्यात आधी जोत्याजवळचा गिलावा खरवडून बघतो. ताज्या रंगाखाली ओल निघाली की उरलेल्या घराबद्दलही संशय सुरू होतो. मग तुम्ही खरं सांगितलेलंही त्याला खोटं वाटतं. रंग उडालेली पण कोरडी भिंत याहून कितीतरी चांगल्या भावाला जाते.

म्हणून पाणी अडवणारी कामं विक्रीआधी करा, शोभेची कामं सोडून द्या, आणि जी सोडली ती आकड्यासकट कागदावर लिहून द्या.

यादी

भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पागोळी कुठे जोत्यावर पडते, अंगणात पाणी कुठे साचतं, चेंबर कुठे तुंबतो, हे उन्हात कळत नाही. पाऊस नसेल तर गच्चीवर अर्धा तास पाइप सोडा. जे दिसेल ते यादीत लिहा. फोटो काढा, फोटोवर तारीख असू द्या.

पाण्याची कामं

पन्हळीला दर १० फुटांना एक इंच उतार द्या आणि उतरता पाइप थेट चेंबरपर्यंत न्या. पाइप अंगणात मोकळा सोडला तर सगळं पाणी जोत्याच्या पायाशी मुरतं.

घराभोवती २ ते ३ फूट रुंद कोबा हवा, ३ फुटांना दीड इंच बाहेरच्या बाजूला उतार देऊन. भिंत आणि कोबा मिळतात ती फट डांबराने भरा, नाहीतर केलेला कोबा वाया जातो. जुन्या फरशीवरच पेव्हर ब्लॉक टाकणं ही इथली नेहमीची चूक आहे. ६० मिलिमीटरचा ब्लॉक आणि खालची वाळू मिळून जमीन साडेतीन-चार इंच वर येते, जोतं तेवढं बुडतं आणि ओल भिंतीत चढते. बाहेरची जमीन जोत्याच्या वरच्या कडेपेक्षा किमान ६ इंच खाली राहिली पाहिजे.

लोणा (क्षारांची पांढरी पूड) आलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या वर एक फुटापर्यंत काढा, सांधे अर्धा इंच खोल खरवडा, १:४ मालात (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून गिलावा करा आणि ७ दिवस पाणी मारा. पेठांतल्या जुन्या घरांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना मात्र सिमेंट लावू नका. आतली ओल कोंडते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा मातीसकट सुटतो. तिथे चुन्याचाच गिलावा हवा.

भिंत वाळली का, हे हात लावून कळत नाही. फूटभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेप लावून दोन दिवस चिकटवून ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतच आहे. तोवर रंगाचा डबा उघडू नका.

कंपाउंडची भिंत

सौदे मोडतात ते इथे. वरवर हे गवंडीकाम वाटतं, पण या भिंतीत हद्दीचा, शेजाऱ्याचा आणि रस्त्याचा असे तीन प्रश्न आहेत. ते सोडवण्याआधी एक वीटसुद्धा हलवू नका.

आधी भिंत कलली किती ते मोजा. वरच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि खाली भिंतीपासून दोरीचं अंतर घ्या. जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कल, म्हणजे ९ इंची भिंतीला ३ इंचांहून जास्त, असेल तर ती भिंत उभी ठेवण्यात अर्थ नाही. आडवी भेग गेली असेल तर त्याहून कमी कलही धोक्याचा. कलण्याची कारणंही ठरलेली आहेत: काळ्या मातीत उथळ पाया, जो पावसात उचलला जातो आणि उन्हाळ्यात खचतो, शेजारच्या प्लॉटमध्ये टाकलेला भराव, भरावातलं पाणी निघायला भिंतीत भोकंच न ठेवणं, आणि भिंतीला लागून वाढलेलं झाड. यातलं नेमकं कारण यादीत लिहा. कारण न शोधता नुसत्या भेगा भरल्या तर त्या पुढच्या जूनमध्ये त्याच जागी उघडतात.

मग भिंत कोणाची, ते बघा. जुन्या खरेदीपत्रातली चतुःसीमा आणि नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका समोर ठेवा. शंका असेल तर मोजणीचा अर्ज सगळ्या कामांच्या आधी टाका, कारण त्याला वेळ लागतो. शेजाऱ्यांना नोटीस जाऊन मोजणी झाली आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात आली की वादाला जागा उरत नाही. भिंत सामाईक निघाली तर शेजाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय ती पाडता येत नाही. भिंत हद्दीबाहेर किंवा बरीच आत निघाली तर तसं गिऱ्हाइकाला सांगा. क्षेत्र मिळकत पत्रिकेवरचं सांगायचं. भिंतीच्या आत टेप लावून निघालेलं क्षेत्र कधीही सांगू नका. घेणारा माणूस व्यवहाराआधी शेजाऱ्याशी बोलतोच. हद्दीचा वाद त्याला शेजाऱ्याच्या तोंडून कळला तर तो परत येत नाही.

रस्त्याच्या बाजूची भिंत असेल तर महापालिकेच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. रुंदीकरणाची रेषा तुमच्या अंगणातून जात असेल तर आज बांधलेली भिंत उद्या पाडावी लागेल.

आणि हे सगळं झाल्यावरही विक्रीसाठी नवी भिंत बांधू नका. धोकादायक भाग उतरवा, चांगल्या विटा रचून ठेवा, राडारोडा उचला, हद्दीवर लोखंडी अँगल रोवून जाळी मारा. नव्या मालकाला गाडी आत घ्यायला गेट दुसरीकडे हवं असतं, उंची वेगळी हवी असते. तुम्ही बांधलेल्या भिंतीचे पुरे पैसे तो देत नाही. नव्या भिंतीचं अंदाजपत्रक मात्र नीट करून ठेवा: मुरूम लागेपर्यंत खोदाई, दर ८ ते १० फुटांवर कॉलम, प्लिंथ बीम, आणि भराव असेल तिथे दर ५ फुटांवर ३ इंची पाइपची भोकं, मागे खडी भरून.

किंमत

उरलेल्या प्रत्येक कामाचं दोन ठेकेदारांकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. भिंत रनिंग फुटात, गिलावा चौरस फुटात, मजुरी आणि माल वेगळा. ‘बाहेरचं काम, एकरकमी’ असा कागद निरुपयोगी आहे. समोरचा माणूस “बाहेरच्या कामाचे पाच लाख कमी करा” म्हणतो तेव्हा त्याच्याकडेही मोजमाप नसतं. तुमच्याकडे असलं की बोलणं तुमच्या कागदावर होतं. दोन्हींतला जास्त आकडा धरून तेवढी रक्कम वजा करा, आणि उरलेल्या किमतीखाली उतरू नका.

वजावट मोठी असेल तर शासकीय मूल्यांकन बघून घ्या. ठरलेली किंमत त्याच्या खाली गेली तरी मुद्रांक शुल्क मूल्यांकनावरच लागतं. मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर तुमचा भांडवली नफाही मूल्यांकन धरूनच मोजतात. म्हणजे न मिळालेल्या पैशावर कर. गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल तर यादी बँकेचा व्हॅल्युअर येण्याआधी गिऱ्हाइकाच्या हातात द्या. कलती भिंत त्याला अहवालातून कळायला नको.

संचकारपत्र

‘खरेदीनंतर करून देतो’ हे वाक्य तोंडीही बोलू नका आणि लिहूही नका. पैसे मिळाल्यावर गवंडी वेळेवर येत नाही आणि भांडण कायम राहतं. जे करायचं ते खरेदीआधी पुरं करा. उरलेल्यासाठी संचकारपत्रात, म्हणजे विसार घेताना करतात त्या करारात, असं घाला: “सोबतच्या परिशिष्टातील बाहेरील कामे अपूर्ण असून ती खरेदी घेणार यांनी प्रत्यक्ष पाहिली आहेत, व ती विचारात घेऊनच किंमत ठरली आहे.” परिशिष्टात यादी, फोटो आणि अंदाजपत्रक जोडा, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ नुसार, साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. गाडलेला शोषखड्डा, बुजवलेली विहीर, कोब्याखालून गेलेली शेजाऱ्याची ड्रेनेज लाइन, हे सगळं त्यात येतं.

पुराचंही तसंच. नागाळा पार्क, शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, रमणमळा या भागांत २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं, हा पहिला प्रश्न असतो. जोत्यापासून किती फूट, ते मोजून सांगा. कंपाउंडवरची पुराची रेघ रंगाने झाकू नका.

घरफाळा, पाणीपट्टी आणि वीजबिल निल करून पावत्या फाइलला लावा. संचकाराची रक्कम चेकने किंवा बँकेतून घ्या. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापेल, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

खरेदीपत्राच्या आदल्या दिवशी तीच यादी घेऊन घेणाऱ्यासोबत घराभोवती पुन्हा एकदा फिरा. संचकारानंतर पाऊस झाला असेल तर नवी ओल, नवी भेग यादीत वाढवा, तारीख घाला आणि दोघांनी सही करा.