सिरियलमधली नको, घरातली सकाळ शूट करायची असेल तर

मॉर्निंग रूटीनचे रील हल्ली आपल्या बेळगावकडं शहापूरपासून निपाणीपर्यंत कुणीही टाकतंय, पण बघायला बसलं की सगळे एकसारखे, पडदा सरकवला, ऊन आत आलं, केस मोकळे, हातात कप आणि मागं बासरी. ही सकाळ आपल्या घरातली नव्हे हो, टीव्हीतली आहे. घरातली सकाळ म्हणजे नंबर. नळाला नंबर, बाथरूमला नंबर, गॅसच्या दोन बर्नरला नंबर, आरशाला नंबर, आणि एवढं करून बाहेर पडलं की बसला पण नंबर. टीव्हीनं नेमका हा नंबर काढून टाकलाय, म्हणून तिथं तुळस खरी, रांगोळी खरी, तरी सकाळ काय खरी वाटत नाही. तर रीलसाठी असू दे नाहीतर गॅदरिंगच्या छोट्या फिल्मसाठी, खरी सकाळ मोबाईलवर घ्यायची कशी ते सांगतो.

आधी एक करा, संध्याकाळी घरात सिरियल लागली की सकाळचा सीन आवाज बंद करून बघा. मराठी बघा, कन्नड बघा, आपल्या घरात दोन्ही चालतात. बेंगळुरूच्या सिरियलीत स्टीलच्या लोट्यात फिल्टर कॉफी आणि मुंबईच्या सिरियलीत चहा, एवढाच काय तो फरक. डायनिंग टेबलाला माणसं तीनच बाजूला बसलेली दिसतील, चौथी बाजू कॅमेऱ्याची. कप उचलतात तेव्हा मनगटाकडं बघा, वजन जाणवतच नाही, कारण बऱ्याचदा कप रिकामाच असतो. आणि कुणीतरी एक जण हमखास 'मला उशीर होतोय' म्हणून न खाता उठतो. त्याला कारण आहे, खाताना टेक परत घ्यायचा झाला तर अर्धी इडली परत अख्खी करायला लागते, त्यापेक्षा उठून गेलेला बरा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये एपिसोड असतोय 20-22 मिनिटांचा, त्यात सासूनं सुनेला काय बोललं ते दाखवायचं, मग सगळ्यांना एका फ्रेममध्ये एका वेळी बसवायलाच लागतं. 12 तासांच्या शिफ्टमध्ये सकाळचा सीन रात्री पण उरकतात, खिडकीबाहेर मोठा लाइट, त्याला नारिंगी जिलेटीनचा पारदर्शक कागद, झाली सकाळ. सेटवरच्या बऱ्याच नळांना तर पाण्याची लाइनच नसते, मग पाण्याची वाट कोण कशाला बघेल. त्यांच्या धंद्याला ते बरोबरच आहे, मी नावं ठेवत नाही. आपण ते उचलून आपल्या किचनमध्ये आणतो तिथं घोळ होतोय.

आता आपलं काम. पहिले दोन-तीन दिवस कॅमेरा काढूच नका, कागद घ्या आणि कोण कशासाठी थांबतंय तेवढंच लिहा. किती वाजता उठलं ते नको, थांबलं कुठं ते लिहा. सगळ्यात भारी माल पाण्याच्या दिवशी, म्हणजे नळाला पाणी येतं त्या दिवशी मिळतो. बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकल धरणांतनं येतंय, 2008 मध्ये काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, पण ज्या गल्लीत ते पोचलं नाही तिथं घराचं टाइमटेबल नळच ठरवतो. आजी रात्री झोपताना नळ उघडाच ठेवते आणि खाली पितळेची रिकामी घागर. पहाटे आधी नुसती हवा येते, फुस्स फुस्स, मग दोन-चार थेंब, मग घागरीत टण्ण करून धार पडते, की आजीचा आवाज, 'उठा गं, पाणी आलं की!' कुणी पाइप ओढतंय, कुणी बॅरलवरचं झाकण काढतंय, कुणी नळाला कापड बांधतंय, आणि घरातला एक तरणाबांड गडी डोक्यावर पांघरूण घेऊन मेल्याचं सोंग करतोय. तुमचा अलार्मचा शॉट हाच. मोबाईलवरचा अलार्म स्नूझ करतानाचा क्लोजअप कृपा करून नको, तो सगळ्यांनी घेऊन झालाय.

हा शॉट आधी आवाजाचा आहे, चित्राचा नंतर. दुसरा एखादा जुना फोन घागरीच्या जवळ ठेवून नुसता आवाज रेकॉर्ड करा, पण धारेच्या तोंडाशी नको, आवाज फाटतोय.

उजेडाचं बघा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या आसपास उगवतो, जूनमध्ये सहाच्या, म्हणजे साडेपाचची सकाळ ही ट्यूबलाइटचीच सकाळ असणार, सोनेरी ऊन बिन काय नाही. ट्यूबखाली व्हिडिओत काळे पट्टे पळत असतील तर सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर 50 हर्ट्झवर करा, नाहीतर प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, आपली वीज 50 हर्ट्झची आहे म्हणून. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगाची सेटिंग, पण लॉक करून टाका, नाहीतर कुणी दार उघडलं की बाहेरच्या निळ्या उजेडानं अख्खं किचन रंग बदलतंय. फिल्टर लावून पिवळं करू नका.

फोन घेऊन माणसांच्या मागं पळू नका. बाथरूमचं बंद दार आणि बाहेरचं बोळ दिसेल अशा जागी, फ्रिजवर नाहीतर डब्यांच्या फळीवर, फोन एकदाच लावून सोडा. खांद्यावर टॉवेल टाकून कोण येतंय, दार वाजवतंय, आतनं 'आलो आलो' आणि येत कुणीच नाही, हे सगळं आपोआप होतंय, तुम्हाला डायरेक्शन द्यायला लागत नाही. एडिटिंगला बसल्यावर मात्र थांबलेला भाग कापायची हुक्की येते, ती आवरा. दहा-पंधरा सेकंद माणूस नुसता उभा आहे, राहू दे की, तीच तर सकाळ आहे.

नाष्ट्याचं, टेबल सजवू नका. उप्पीट कढईतनं डायरेक्ट ताटलीत, एक जण सोप्यात बुटाची लेस बांधता बांधता खातोय, एक जण डबा भरून व्हायची वाट बघत उभ्यानंच. आई सगळ्यात शेवटी, कट्ट्यापाशी, तोपर्यंत चहा दोनदा गरम करून झालेला. (आणि तुम्ही नुसताच कॅमेरा धरून हे बघत असाल तर फोन ठेवा आणि आधी बॅरल भरा, मग शूटिंग.) पावसाळ्यात घेणार असाल तर सॉक्स विसरू नका. सिरियलमधल्या पोराचा युनिफॉर्म कायम कडक वाळलेला असतोय, आपल्याकडं जुलैत दमट सॉक्सवर इस्त्री फिरवायला लागते आणि त्याचा वाफेचा वास घरभर, वास काय कॅमेऱ्यात येत नाही पण पोराचं तोंड येतंय.

बोलणं लिहून देऊ नका. दूधवाल्याशी कन्नड, आजीशी मराठी, रिक्षामामाशी दोन्ही मिसळून, जसं येईल तसं.

दाराबाहेर टीव्ही कट मारतो, माणूस उंबऱ्यावरनं थेट ऑफिसच्या खुर्चीत. तुम्ही बस स्टॉप घ्या. जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकिटाचे पैसे लागत नाहीत, त्यामुळं येळ्ळूर-खानापूरकडच्या सकाळच्या गाड्यांत शाळेच्या पोरी, कामाच्या बायका, भाजीच्या बुट्ट्या, सगळं एका दारातनं आत. बसच्या आत कॅमेरा काढू नका, लोकांना आवडत नाही आणि बरोबरच आहे त्यांचं. बाहेरनं, लांबनं, दाराशी गर्दी होते तेवढंच पुरे.

घरच्यांना आधी विचारा, एडिट झालेलं परत दाखवा आणि कुणी नको म्हटलं तर तो तुकडा काढा. पोरांच्या गळ्यातलं शाळेचं आयकार्ड, घराचा नंबर, गाडीची नंबरप्लेट दिसत असेल तर झाका. आणि पाण्याच्या दिवशी शूटिंग ठेवणार असाल तर फोन आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवा, पाणी यायला आणि लाइट जायला एकच टाइम गाठतंय, मग मोटर पण बंद आणि फोन पण.