सेवेत नवीन आहात? मग आधी विसावा घ्यायला शिका

जय ख्रिस्त सगळ्यांना. मे महिन्यातली तरुणांची शिबिरं संपली की दरवर्षी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन-चार पोरंपोरी येऊन सांगतात, ताई मला पाचारण झालंय, म्हणजे देवाचं बोलावणं आलंय, मला सेवेत, मंडळीच्या कामात, उतरायचंय. ऐकून खूप आनंद होतो. पण नाताळ येईपर्यंत त्यातलीच काही इतकी दमलेली दिसतात की रविवारी सकाळी उपासनेला यायचंही त्यांच्या जिवावर येतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नसते कारण "प्रभूच्या कामात कसला थकवा" असं उत्तर ठरलेलं असतं. त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी नाशिकमध्ये अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते, संडे स्कूल आणि तरुण संघ ही माझी सेवा, त्यामुळे जे लिहितेय ते नोकरी सांभाळून सेवा करणाऱ्या बाईचं आहे.

नवीन मुलगा जरा उत्साही दिसला की त्याच्याकडे संडे स्कूल येतं, मग वर्शिप टीममध्ये कीबोर्ड, मग लाइव्हचा कॅमेरा, मग शुक्रवारची कॉटेज मीटिंग, म्हणजे कुणाच्या तरी घरची प्रार्थनासभा. कुणी मुद्दाम करत नाही हे, माणसंच कमी असतात. पण त्या मुलाच्या मनात हळूहळू असं बसतं की मी नाही म्हटलं तर ते देवालाच नाही म्हटल्यासारखं, आणि माझं पाचारण खरं आहे की नाही हे माझ्या कामावरून ठरतंय. खरा दाब तिथे असतो, कामाचा त्यामानाने कमी.

मी मुलांना बायबलमधला लूकचा तिसरा अध्याय उघडायला लावते. येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याचं वय सुमारे 30 होतं, तोपर्यंत एक चमत्कार नाही, एक उपदेश नाही, एक शिष्य नाही, आणि आकाशातून आवाज येतो की तू माझा प्रिय पुत्र, तुझ्यावर मी संतुष्ट आहे. म्हणजे पित्याचा संतोष आधी, काम नंतर. आपण नेमकं उलटं करतो, आधी राबायचं आणि मग देव खूश आहे का ते बघायचं, आणि त्या बघण्यात रात्रीची झोप जाते.

दुसरं उदाहरण एलीया संदेष्ट्याचं, 1 राजे 19. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय झाला आणि लगेच हा माणूस रानात झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत येतो तो उपदेश करत नाही, रागावत नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवतो, ऊठ आणि खा म्हणतो. एलीया खातो आणि परत झोपतो, तरी देवदूत त्याला टोकत नाही, परत एकदा खायला देतो. नवीन काम त्याला पुढे होरेब डोंगरावर मिळतं, आणि "मी एकटाच उरलोय" म्हणणाऱ्या या माणसाला देव सोबतीला शिष्य अलीशाही देतो. तुम्हाला सारखं रडू येत असेल, चिडचिड होत असेल, तर उपासाच्या प्रार्थनेला बसण्याआधी नीट जेवा आणि झोपा, यात अविश्वास नाही. आणि झोपूनही महिनोन्महिने मन उठत नसेल तर डॉक्टरकडे जा, तेही लाजायचं कारण नाही.

विसावा कसा दिसतो ते मी त्रिंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पाहिलं. आमच्या मंडळीतल्या एक आजी तिथे ॲडमिट होत्या, आमचे पाळक (पास्टर) भेटायला आले, मीही सोबत होते. त्यांनी स्टूल ओढलं, बसले, आजींच्या हाताला सलाइन होतं म्हणून दुसऱ्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. आजी आपल्या गायीबद्दल बोलत राहिल्या, हे ऐकत राहिले. मग स्तोत्र 23, छोटीशी प्रार्थना, आणि निघताना शेजारच्या कॉटवरच्या मावशींनाही पाणी ओतून दिलं. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही त्यांनी. मी बाहेर आल्यावर विचारलं, सर अजून किती घरभेटी आहेत आज, तर म्हणाले, आजची हीच, उरलेल्या इतरांनी वाटून घेतल्यात.

वाटून घेणं ही गोष्ट आपल्या नाशिकच्या मंडळींना खरं तर नवीन नाही. शरणपूर 1854 मध्ये सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) मिशनने वसवलं आणि गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या प्रवासात होता. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचं काळीज तिथेच पुरलं, त्या वेळी दफनविधीची प्रार्थना जेकबनेच वाचली, आणि मग ते शव शेकडो मैल समुद्रापर्यंत नेलं ते एका मोठ्या जथ्याने. ही गोष्ट तरुणांना "बघा त्यांनी काय केलं, तुम्ही काय करता" म्हणून सांगितली जाते ते मला पटत नाही. शरणपूरला अक्षरं गिरवणाऱ्या त्या पोराला कुठे माहीत होतं हे वाचन कशासाठी लागणार आहे? आणि ते ओझं कुणी एकट्याने वाहिलंच नव्हतं.

आता कामाचं. सेवा घेताना विचारा की किती महिन्यांसाठी आणि माझ्या जोडीला कोण. हे विचारणं उद्धटपणा नाही, गणना 8 मध्ये निवासमंडपाचं काम बघणाऱ्या लेव्यांच्या सेवेलाही वयाची हद्द आहे, 25 ते 50, त्यानंतर फक्त भावांना मदत. पहिल्या वर्षी एकच सेवा घ्या. रविवार आपला कामाचाच दिवस असतो, तेव्हा आठवड्यातली दुसरी एक संध्याकाळ तरी मोकळी ठेवा, ग्रुप म्यूट करा, गंगापूर धरणावर जाऊन बसा नाहीतर घरी आईसोबत भाजी निवडा. रात्री अपरात्री फोन येणारच, कुणाच्या घरी मयत झाली तर जावंच लागतं. मार्क 6 मध्ये येशू शिष्यांना विसाव्यासाठी एकांतात घेऊन गेला तर तिथेही लोक आधीच पोचलेले, आणि त्याला त्यांचा कळवळा आला. पण संध्याकाळी त्याने लोकसमुदायाला निरोप दिला आणि डोंगरावर प्रार्थनेला गेला, हा निरोप देणं आपण वाचतच नाही.

ज्यांना फुल टाइम सेवेसाठी पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी शिकायचंय त्यांनी शिबिराच्या जोशात फॉर्म भरू नका. काही महिने आपल्या पाळकांसोबत घरभेटींना जा, पाळकांच्या घरच्यांशीही बोला, फी आणि घरखर्च कोण बघणार ते घरी बसून ठरवा. पाळकांनाही तुम्हाला जवळून बघायला मिळतं, उद्या शिफारसपत्र त्यांच्याकडेच मागावं लागणार आहे.